मालकाच्या जोखमीवर

लहानपणी बरीच वर्षं माझी समजूत होती की आमचे आबा वाघिणी सांभाळतात. सकाळी स्टेशनवरून एखादा पोऱ्या सायकल हाणत यायचा आणि उंबऱ्याबाहेरूनच ओरडायचा, "आबा, चार वाघिणी लागल्या!" आबा बशीतला चहा एका घोटात संपवून टोपी चढवायचे आणि निघायचे. आई म्हणायची, आज आबांना उशीर होईल. चार वाघिणी म्हटल्यावर उशीर होणारच, एवढं मलाही कळत होतं.

वॅगनचं मराठीत 'वाघीण' कोणी केलं कोण जाणे, पण ज्याने केलं त्याला इंग्रजी शब्द मराठी वेसणीत आणायची कला साधलेली होती. डब्याच्या लोखंडी दाराचा कडी काढतानाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला तो शब्द चुकीचा वाटणार नाही.

आबा हुंडेकरी होते. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. मालधक्क्यावर आलेला माल बिल्टी, म्हणजे रेल्वेची पावती, दाखवून सोडवायचा, बैलगाड्यांवर लादून व्यापाऱ्याच्या दारात पोचवायचा. आणि गावातून बाहेर जाणारा माल धक्क्यावर नेऊन, तोलून, बुक करून त्याची बिल्टी आणून द्यायची, हा हुंडेकऱ्याचा धंदा. त्यात स्वतःचं एक पोतंही नसतं. "दुसऱ्याच्या लग्नात अक्षता वाटणारा माणूस," असं आबा स्वतःबद्दल म्हणायचे. स्टेशन मुंबईच्या मुख्य लाईनीवरचं, भुसावळच्या अलीकडचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगायचंय त्यात स्टेशनची बाजू फारशी चांगली नाही, आणि ती मांडायला आता तिथलं कोणी उरलेलं नाही.

आबांच्या गादीशेजारी लाल बांधणीचं एक जाडजूड पुस्तक असायचं. गुड्स टॅरिफ, म्हणजे रेल्वेच्या मालभाड्याच्या दरांचं पुस्तक. आबा व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झालेले, इंग्रजी सगळं या पुस्तकातून आलेलं. त्यामुळे त्यांना इंग्रजीत कुणाची विचारपूस करता यायची नाही, पण 'फुल प्रेस्ड इन आयर्न बाउंड बेल्स' हे एका दमात म्हणता यायचं. जगातली प्रत्येक वस्तू त्या पुस्तकात अक्षरानुसार लावलेली आणि प्रत्येकीला तिचा क्लास. आम्हा पोरांचा तो खेळच होता. "आबा, मीठ?" "आबा, आरसा?" "आबा, हाडं?" आबा पान न उघडता सांगायचे. एकदा हत्ती विचारला तर म्हणाले, "जनावर पार्सलच्या पुस्तकात. तिकडे विचार."

क्लास म्हणजे काय, तर कोणत्या मालाला मणामागे, मैलामागे किती पै. मीठ, धान्य, कोळसा, शेणखत-सोनखत हे खालच्या क्लासात; कापड, काचसामान, यंत्रं वरच्या. एकच वाघीण, एकच इंजिन, तेवढेच मैल, पण भाडं वेगळं. रेल्वेला दोन्ही न्यायला खर्च जवळपास तोच येतो, मग फरक का? मी कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं तेव्हा त्याचं भारदस्त उत्तर वाचलं. आबांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं: "गाय बघून धार काढतात." मालाला जेवढं झेपेल तेवढं भाडं. खताच्या गाडीला कापडाचं भाडं लावलं तर खत हलणारच नाही, आणि खत हललं नाही तर पुढच्या वर्षी कापूस तरी कुठून यायचा?

कापसाचं मात्र वजनाइतकंच आकारमानावर ठरायचं. सुटा कापूस वाघिणीत कोंबून कोंबून भरला तरी वाघीण आधी भरते, वजन भरत नाही. रेल्वे त्यावर उपाय म्हणून किमान वजन ठरवून ठेवते: माल कमी भरो, भाडं तेवढ्या वजनाचं द्यायचंच. म्हणून तोच कापूस दाबून पक्क्या गाठी केल्या की भाड्याचा हिशोब पालटतो. जळगाव, अमळनेर, अकोला, खामगाव, कोणत्याही जुन्या कापूसगावी जा. जिन-प्रेसची, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांची, जुनी धुराडी स्टेशनच्या बाजूला सापडतील. गावाची रचना बघून माणसं नदी शोधतात, बाजारपेठ शोधतात. मी आता टॅरिफचं पान शोधतो.

रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून मिर्झापूरला गंगेकाठी जायचा, तिथून नावेने कलकत्त्याला. शेकडो मैलांची वाट. बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत वाटभराची धूळ बसायची, पावसात सापडला तर कापूस काळा पडायचा. गव्हर्नर-जनरल डलहौसीने 1853 मध्ये रेल्वेची टिपणी लिहिली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जो माल होता त्यात हा कापूस ठळक होता: इंग्लंडला तो हवाय, हिंदुस्थानात तो पिकतोय, मधला रस्ता तेवढा नाही. त्याच वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. ती गोष्ट आपण पहिलीपासून पाठ केलेली. पण खरी कसोटी घाटाची होती. बोरघाट 1863 मध्ये पार झाला, थळघाट 1865 मध्ये. नागपूरला रूळ पोचले 1867 मध्ये. यातली गंमत, गंमत म्हणणं क्रूर आहे खरं तर, अशी की अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला तो 1861 ते 1865, आणि वऱ्हाडच्या पार टोकापर्यंत गाडी गेली ती भाव कोसळल्यावर. तरीही 1870 मध्ये खामगावचा फाटा उघडायला व्हाईसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. जलंब ते खामगाव, अवघा तेरा किलोमीटरचा फाटा. व्हाईसरॉय एवढ्याशा फाट्यासाठी आला, यावरून खामगावच्या कापसाचं वजन समजावं.

आबांना हा इतिहास माहीत नव्हता. त्यांना दर माहीत होते, आणि दरात इतिहास आपोआप येतो. समजा मणाला मैलामागे एक तृतीयांश पै. भुसावळ ते मुंबई 276 मैल. म्हणजे 92 पै, बारा पैंचा आणा, म्हणजे 7 आणे 8 पै मणाला. हे आबा तोंडी करायचे, 1957 मध्ये नवे पैसे आले आणि नंतर मण जाऊन क्विंटल आला तरीही. आधी जुन्या हिशोबात उत्तर काढायचं, मग ते नव्यात भाषांतर करायचं, आणि दोन्हींत पडणारा फरक कोणाच्या खिशात जातो यावर दोन शब्द बोलायचे.

पण हा हिशोब सरळ कधी नव्हताच. जुन्या कंपन्यांच्या काळात बंदराकडे जाणारा कच्चा माल आणि बंदरातून आत येणारा तयार माल यांना सवलतीचे दर असत. तोच माल देशातल्या देशात एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा, तर दर चढा. कंपन्यांचं म्हणणं, बंदराची वाहतूक मोठी आणि नेमाची, ती परवडते. देशी गिरणीवाल्यांचं म्हणणं, म्हणजे आमचा कापूस मँचेस्टरला जायला स्वस्त आणि शेजारच्या जिल्ह्यात जायला महाग. 1916 ते 1918 च्या औद्योगिक आयोगापुढे ही तक्रार मांडली गेली आणि आयोगाने ती उडवून लावली नाही. आतल्या मालाचे दर बंदराच्या मालाच्या शक्य तितके बरोबरीला आणावेत, असं त्यांनी सुचवलं. मला यात कारस्थानापेक्षा सवय जास्त दिसते. ज्या लाईनी बंदराकडे तोंड करून टाकल्या, त्यांचे दरही बंदराकडे तोंड करूनच बसले.

आणखी एक डाव होता, त्याचं नाव ब्लॉक रेट. आमच्या भागात दोन कंपन्यांच्या लाईनी भेटायच्या: मुंबई-भुसावळची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला, आणि सुरतेहून अमळनेरकडे आलेली तापी व्हॅली. असं जिथे जिथे असतं तिथे प्रत्येक कंपनीला वाटतं, माल आपल्याच रुळांवर शेवटपर्यंत राहावा. मग ती काय करते, तर थोडंसं अंतर आपल्या लाईनीवरून नेऊन पुढे दुसऱ्याच्या लाईनीवर जाणाऱ्या मालाला चढा दर लावते. दार बंद नाही करत. दारात भाडं ठेवते. शिवाय लांबच्या पल्ल्याला मैलामागे दर उतरत जायचा हा जो नियम, तोही लाईन बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोनशे मैलांचा प्रवास शंभर-शंभरचे दोन तुकडे होऊन महाग व्हायचा. स्वातंत्र्यानंतर, 1 ऑक्टोबर 1948 पासून, सगळ्या रेल्वेंवर सलग अंतर धरून एकसारखे उतरते दर लागू झाले. आबा नुकतेच या धंद्यात स्थिरावत होते. गांधीजी गेले ते वर्ष, एवढीच त्या वर्षाची ओळख बाकीच्यांना, आबा मात्र म्हणायचे, "त्या साली जंक्शनचा जाच गेला."

गेज बदलण्याचा जाच मात्र राहिलाच. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी आमची पीजे, तिकडे बार्शी लाईट, वऱ्हाडातली शकुंतला, या सगळ्या अरुंद रुळांच्या गाड्या होत्या. त्यांतला माल मोठ्या लाईनीला लावायचा तर एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. हमाली दोनदा, आणि आकड्यांनी पोत्यांना भोकंही दोनदा. पोतं सांडत चाललं की त्याच्यामागे कोंबड्या लागतात, आणि कोंबड्यांमागून पोरं. त्या पोरांत मीही असे.

आता त्या बिल्टीबद्दल.

बिल्टी म्हणजे रेल्वेची पावती. पातळ कागद, खाली कार्बन, लिहायला ती जांभळी पेन्सिल जी ओल्या बोटाला लागली की दोन दिवस जात नाही. हा कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. व्यापारी तो बँकेतून पाठवायचे. घेणाऱ्याने बँकेत पैसे भरायचे, बिल्टी सोडवायची आणि मग धक्क्यावर यायचं. एका कागदावर एवढा विश्वास टाकलेला, पण त्याच कागदावर कोपऱ्यात कारकून तीन शब्द लिहायचा: 'सेड टू कंटेन'. म्हणजे आत गहू आहे असं पाठवणारा म्हणतो, आम्ही पाहिलेलं नाही. वजन पाठवणाऱ्याचंच धरलं असेल तर तसं लिहायचं, माल त्यानेच चढवला असेल तर तसं. बारकाईने पाहिलं तर सगळी बिल्टी म्हणजे रेल्वेने कशाकशाची हमी घेतलेली नाही याची यादी.

सगळ्यात मोठं कलम जोखमीचं. 1890 च्या रेल्वे कायद्याने दोन वाटा ठेवल्या होत्या. रेल्वेच्या जोखमीवर माल पाठवा, दर जास्त. किंवा रिस्क नोटवर सही करा, माल तुमच्या जोखमीवर, दर कमी. सही कोण करणार नाही? भाडं आजच द्यायचं असतं, नुकसान झालं तर पुढे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो बी फॉर्म चालायचा त्याची भाषा तर नीट वाचण्यासारखी होती. अख्खी खेप किंवा अख्खा नग हरवला, आणि तोही रेल्वेच्या जाणूनबुजून केलेल्या हलगर्जीने किंवा तिच्या नोकरांनी चोरल्याने, तरच भरपाई. पोतं पूर्ण गेलं तर दावा करता येईल. पोत्यातून अर्धं गेलं तर काही नाही. चोरानेही कायदा वाचला असेल तर त्याने प्रत्येक पोत्यात चार पायली ठेवूनच जायचं. हा फॉर्म पुढे बदलला, पण दोन दरांची वाट बराच काळ राहिली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या वडिलांनी मला सांगितलेली, आबांनी कधीच नाही. पंचक्रोशीतला एक शेतकरी, व्यापारी नव्हे, बैलांसाठी भुईमुगाची पेंड मागवणारा. चार शेजाऱ्यांनी मिळून चाळीस पोती मागवलेली. आबांनीच त्यांच्या वतीने पलीकडच्या हुंडेकऱ्याला पत्र लिहिलं आणि त्यात नेहमीप्रमाणे घातलं: ओनर्स रिस्कने पाठवा. फरक मणाला काही पैंचा. माल आला तो आषाढात. वाघिणीचं छत गळत होतं. दार उघडलं तेव्हा वरची पोती ठीक, खालच्या थरात पाणी साचलेलं, आणि पेंडीला तो आंबूस वास, जो आला की जनावर तोंड लावत नाही. धक्क्यावर पंचनामा झाला. आबांनी सहा महिन्यांच्या मुदतीच्या आत, खरं तर आठ दिवसांत, लेखी दावा पाठवला. गळक्या छताचा उल्लेख, वाघिणीचा नंबर, सगळं. उत्तर यायला दहा महिने लागले. दोन ओळींचं होतं. माल मालकाच्या जोखमीवर बुक केला असल्याने दावा फेटाळण्यात येत आहे.

तो शेतकरी आबांना काही बोलला नाही. खेड्यातल्या माणसाचं न बोलणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. आबांनी स्वतःच्या हमालीचे पैसे घेतले नाहीत. त्याने ते चौथ्या दिवशी पोराच्या हाती पाठवले.

त्यानंतर आबांनी एक रीत धरली. कोणीही शेतकरी बुकिंगला आला की सही करण्याआधी त्याला तो नियम वाचून दाखवायचे, आणि मग अहिराणीत त्याचा सार सांगायचे: "भिजनं ते तुन्हं." व्यापारी हसायचे. स्टेशनचा बाबू कंटाळायचा. 1 जानेवारी 1962 पासून कायदा बदलला, रेल्वेची जबाबदारी वाढली, नुकसान का झालं हे सांगायचं ओझं बरंचसं तिच्यावर आलं. आबांची रीत तरीही चालू राहिली. वडील म्हणायचे, कायदा बदलल्याचं त्यांना पक्कं माहीत होतं. पण एकदा तोंडात बसलेली आरती देवळाचा देव बदलला म्हणून कोणी थांबवतं का?

खतांचं मी इथे थोडक्यात लिहितो, कारण आबांना त्यात रस नव्हता. युरियाची 45 किलोची पिशवी आज देशात कुठेही घ्या, किंमत जवळपास तीच; तिच्या प्रवासाचा खर्च सरकार सोसतं. 1977 च्या खत धोरणापासून हे सुरू आहे. लोखंडाबाबतही पन्नासच्या दशकात भाडे-समानीकरण आलं आणि नव्वदच्या सुरुवातीला गेलं. त्या योजनेत बिहारचं लोखंड मुंबईला बिहारइतक्याच भावात मिळत होतं. आपल्या कापसाला मात्र समानीकरण नव्हतं. तो बिहारला जाताना पूर्ण भाडं भरून जायचा. आपण मराठी माणसं बंदराकडे झुकलेल्या इंग्रजी दरांबद्दल हिरिरीने बोलतो, या दुसऱ्या दरांबद्दल फारसं बोलत नाही. ते आपल्या बाजूचे होते.

आबांचा धंदा संपवला तो ट्रकने, असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. बाकीचं काम रेकने केलं. रेल्वेला हळूहळू चार पोती, दहा पोती, एक वाघीण असला माल नकोसा झाला. अख्खी गाडी भरून द्या, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, मधे थांबणं नाही. हिशोबाने ते बरोबरच होतं. एक वाघीण जागोजागी यार्डात जोडत-तोडत न्यायची तर ती दिवस-दिवस उभी राहते. पण चाळीस पोती पेंड मागवणाऱ्याला अख्खा रेक कुठून भरायचा? आमच्या स्टेशनचा धक्का ऐंशीच्या दशकात ओस पडला. पत्र्याची शेड काही वर्षं उभी होती, त्यात लग्नाच्या मांडवाचे बांबू ठेवायचे.

अधूनमधून मला वाटतं, आता हे आबांना सांगायला हवं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गाडीने पाणी गेलं, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. नंतर त्या पाण्याच्या भाड्याचं कोट्यवधींचं बिलही चर्चेत आलं. आबांनी पहिला प्रश्न केला असता, पाणी कोणत्या क्लासात घातलं? आणि 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, ती आमच्याच लाईनीवरून गेली; पुढे फळं-भाज्यांना भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. त्या गाडीत पुन्हा थोडाथोडा माल घेत होते, पेट्या मोजून. टॅरिफचं पुस्तक आबांच्या मागे कोणी रद्दीत घातलं ते कळलं नाही. बिल्ट्यांचा एक गठ्ठा माझ्याकडे आहे. त्यात त्या चाळीस पोत्यांची बिल्टी नाही. दावा करताना ती जोडावी लागली असणार.

गेल्या हिवाळ्यात रावेरकडच्या चुलतभावाकडे गेलो होतो. केळीचा ट्रक लागला होता. पूर्वी तिकडची केळी स्टेशनवर वाघिणीत चढून दिल्लीला जायची. आता ट्रक थेट बांधावर येतो. पाल्याचा थर, त्यावर घड, त्यावर पुन्हा पाला. माल भरून झाल्यावर ड्रायव्हरने खिशातून पावती पुस्तक काढलं. ते लोकही तिला बिल्टीच म्हणतात. पिवळा कागद, खाली कार्बन. भावाने बॉनेटवर ठेवून सही केली. मी मान तिरपी करून पाहिलं. ट्रान्सपोर्टच्या नावाखाली, गणपतीच्या चित्राला लागून, लाल अक्षरांत छापलं होतं: ॲट ओनर्स रिस्क.

"हे वाचलंस का?" मी विचारलं.

"काय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ड्रायव्हरला ओरडला, "अरे, मागची ताडपत्री ओढ, ढग आलेत."